मशीनीला नेसवलेलं लुगडं

बाबा, परवा तुमची मशीन मी तळापासून उघडली, आणि त्या वेळी तुम्ही जिवंत समोर असता तर मी तुमच्या अंगावर धावून आले असते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं गोड बोलायची जबाबदारी माझ्यावर राहत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण गावात तुमचं नाव अजून चांगलंच आहे. दारूच्या थेंबाला न शिवणारा, जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं चालणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. म्हातारे लोक मला थांबवून म्हणतात, "तुह्या बापासारखा सज्जन मानूस पाह्यला नाई व पोरी." मी मान हलवते. आई सोबत असली तर ती पायाखालची माती पाहते. तुमची मशीन आपल्या हातानं खराब झाली, असं ती अजून मानते. त्यासाठीच हे लिहिते आहे, दुसरं काही कारण नाही.

मशीन म्हणजे तीच, लाकूड कापायची तुमची चेनसॉ. मंगरूळपीरच्या आरा गिरणीवाल्याकडून तुम्ही ती जुनीच आणली होती, आणि आता तर शेलूबाजारचा मिस्त्री तिला "तुमची म्हातारी" म्हणतो. तुमच्यामागं ती मीच चालवते. बांधावरची वाळलेली झाडं, घरावर झुकलेल्या फांद्या, विजेच्या तारेत शिरलेला निंब, जे येईल ते कापते. आसपासच्या गावांत मला मशीनवाली म्हणतात. बाई पाहून कोणी थट्टा करायला लागलं की मी दोरी ओढते, मग थट्टा ऐकूच येत नाही. राग तुमचाच उतरला आहे माझ्यात. नवऱ्यानं एकदा, एकदाच, हात उचलला तेव्हा मी मशीन चालू केली आणि तो ज्या खाटेवरून उठला होता ती खाट त्याच्या डोळ्यांदेखत मधोमध कापली. तो भिंतीला चिकटून उभा, सासू दारात "माय व, माय व" करते, आणि मी कापतेच आहे. मग मशीन खांद्यावर टाकली आणि आईकडं निघून आले. परत गेले नाही, आणि त्याची हळहळही कधी वाटली नाही.

या उन्हाळ्यात पोहरादेवीच्या रस्त्याला एका वावरात वाळका निंब कापायचा होता. झाड विहिरीकडं झुकलेलं. असं झाड कापताना हात थांबवायचा नाही, हे तुमचंच शिकवणं. मागून कापायला घेतलं की झपाट्यानं पार व्हायचं, अर्ध्यात रेंगाळलं तर खोड उभं फाटतं आणि मागच्या माणसाला घेऊन जातं. मी घेतलं, आणि अर्ध्यात मशीनीचा दम गेला. रेस पूर्ण दाबलेली, आणि ती नुसती घरघर करत धूर ओकते. मी अंगाचा सगळा जोर लावला. तेवढ्यात खोडातून बार उडाल्यासारखा आवाज आला, निंब उभा चिरला आणि त्याची मागची फळी माझ्या कानाजवळून सरळ वर गेली. खांद्याची साल निघाली, रक्त कमरेपर्यंत आलं. मशीन हातातून सुटून ढेकळांत पडली. वावराचा मालक ओरडत पळत आला, "मेली काय व बाई?" मी म्हटलं, "नाई, पन आता कोनाले तरी मारीन." उठले आणि पहिली लाथ मशीनीला घातली. पायालाच लागलं.

मिस्त्र्यानं दुकानात झाकण उघडलं आणि आतलं फडकं चिमटीत धरून वर उचललं. तेलानं काळं झालेलं, पण काठाची हिरवी किनार अजून दिसत होती. "हे काय होय?" मी म्हटलं, "लुगडं." "कोनाचं?" "आईचं." त्यानं कपाळाला हात लावला. "मशीनीले लुगडं कायले नेसवलं बाप्पा? तिच्या नाकातोंडात बोळा कोंबता अन वरून म्हंता पळ!" मग त्यानं हवा आत जाते त्या तोंडात बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटाला बारीक धूळ, तेलात मळलेली. तो म्हणाला, "पाहा. वरून एवढा बंदोबस्त, अन धूळ खालून जाऊन राह्यली. हा जुना फिल्टर फेका आता. मोठा येते, घड्या घड्यांचा, रबराच्या काठाचा. त्याच्यासंगं खालची प्लेट अन वरचं झाकन, सगळंच बदलते. म्हातारी तरनी होईन." अकोल्याहून त्यानं ते सगळं मागवून दिलं. बसवते मीच म्हटलं तर म्हणाला, "बसवा. तुमच्या हातात पाना पाह्यला की मले तसंबी भेव लागते."

त्याला मी लुगड्याची गोष्ट सांगितली नाही. कोणालाच सांगितली नाही. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण आज सांगणार आहे, कारण तुम्ही असताना ती गोष्ट घरात कोणी मोठ्यानं बोललंच नाही. मी कामाला निघायच्या आधी आई मशीन पुढ्यात घेऊन बसते. जुन्या लुगड्याचा तुकडा फाडते, त्याला तेलाचं बोट लावते आणि फिल्टरवर ताणून दोऱ्यानं बांधते. डावा हात धड आहे, उजवं मनगट वाकडं, म्हणून दोऱ्याचं एक टोक दातात धरते. तुम्ही होता तेव्हाही बांधायची, तुम्ही गेल्यावरही बांधत राहिली. "मशीनीले लुगडं नेसवलं काय व?" असं आपण घरात विचारायचो, आणि बाहेरच्यांना ती गंमत वाटायची. मी कितीदा म्हटलं, "आई, राहू दे नं, फिल्टर हाय त्याले." ती म्हणायची, "नको व. एकडाव माह्या हातानं नास झाला, आता नाई होऊ देत." मशीन जरा खोकली की चुलीपासून तिचा आवाज येणार, "माह्यामुयंच." येता जाता पाय लागला तर मशीनीला हात जोडणार. आपल्या घरात कोण्या देवाला हात जोडायची पद्धत नाही, बाबा. मशीनीला होती.

तो नास झाला त्या संध्याकाळी मी शाळेतून येऊन दप्तर टाकते आहे. फिल्टर धुणं आईचं काम, तुम्हीच लावून दिलेलं. भांड्यांबरोबर ती तोही राखेनं घासायची, काथ्याच्या घोसानं. तुम्ही जीपमधून उतरून घरी येता, मशीन ओट्यावर आदळता. कामावर ती जाम झाली आहे, दोरी ओढता ओढत नाही. तुम्ही झाकण काढता, फिल्टर चुलीच्या उजेडासमोर धरता. जाळीला नखाएवढी चीर आहे, इंजिनात धूळ जाईल अशी. आई भाकर थापते आहे. तुम्ही विचारता, "हे काय होय?" आवाज जरासुद्धा चढलेला नाही. आई म्हणते, "घासतानी फाटलं असंन." तुम्ही म्हणता, "असंन?" आणि चुलीजवळची लोखंडी फुकणी उचलता. आई तोंड झाकायला हात वर करते, पिठानं भरलेला हात, आणि फुकणी मनगटावर बसते. तो आवाज मला आजही लाकडांत कुठंही ओळखू येतो, वाळकी काडी गुडघ्यावर मोडल्याचा.

मी मध्ये पडले. तुम्ही मला झिंज्यांना धरून रांजणावर फेकलं. रांजण फुटला, पाणी चुलीत गेलं, घरभर धूर आणि राख, आणि त्या धुरात तुम्ही मारतच होता. पाठीत, मांडीवर, जिथं लागेल तिथं. प्रत्येक फटक्याला एकच विचारत होता, "कोनं फाडलं? कोनं फाडलं?" ती आधी म्हणत होती मले माहीत नाई, मग म्हणाली असंन, मग म्हणाली, "म्या फाडलं. म्याच फाडलं." ते ऐकल्यावर तुम्ही थांबलात. फुकणी जागेवर ठेवलीत, हात धुतलेत आणि बाहेर बाजेवर जाऊन बसलात. दवाखान्यात नेलं नाहीत, तिथं विचारपूस होते. शेजारच्या गावच्या हाड बसवणाऱ्याकडं नेलंत. त्यानं बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधली आणि हात वाकडा बसला. हात वाकडा बसला तसं ते वाक्यही तिच्यात बसून गेलं, म्याच फाडलं. मारून वदवून घेतलेलं माणूस पुढं खरं मानायला लागतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्यानंतर आईला ओंडका धरता येईना, म्हणून तुम्ही मला कामावर न्यायला लागलात. तुमचा नुसता राग करता आला असता तर किती सोपं होतं, बाबा. पण झाडापाशी तुम्ही वेगळेच माणूस. कापायच्या आधी झाडाभोवती चक्कर मारायचात, खोडावर तळवा ठेवून झोक पाहायचात, वर मान करून घरटी शोधायचात. एकदा बाभळीवर होल्याची अंडी दिसली तर मशीन खाली ठेवलीत आणि मालकाला म्हणालात, "पिल्लं उडाले की सांगजा, मंग येतो." मालकानं आरडाओरडा केला, तुम्ही ऐकलं नाही. मंगरूळपीरच्या बाजारातून तुम्ही माझ्यासाठी बूट आणले होते, पायापेक्षा मोठे, पुढं चिंधी कोंबून घालायचे. आणि एकदा चेन अडकली म्हणून मी मशीनीला हिसका दिला तर माझ्या कानाखाली काढलीत आणि लगेच म्हणालात, "मशीनवर राग काढू नको पोरी, थे मुकी हाय. तिले सांगता येत नाई कुठं दुखते." मी ते ऐकून घेतलं, गाल चोळत. घरात एक बोलती बाई होती, तिचं दुखणं तुम्ही विचारलं होतं का, हे तेव्हा सुचलं नाही. आज सुचतं, आणि दात ओठ खावेसे वाटतात.

तर परवा दुपारी अंगणात पोतं अंथरून मी मशीन उघडली. आई बाजूला तूर निवडत बसलेली. मी जुना फिल्टर काढला, आईचं फडकं काढलं. खाली एक प्लेट असते, फिल्टर तिच्यावर बसतो. नवा फिल्टर मोठा, त्याला त्याचीच प्लेट लागते, म्हणून जुनी काढायलाच हवी होती. आजवर ती कोणी सुटी केलेली मी पाहिली नव्हती. कार्बोरेटर साफ करायचा असला की सगळे मिस्त्री तिच्यासकट काढत आणि तिच्यासकट बसवत, कारण ती चिकटून एकजीव झालेली. मी पेचकस घातला, हातोडी मारली, शिव्या दिल्या. आई म्हणाली, "हयू व, हयू." शेवटी ती कडकन सुटली. उलटी करून पाहिली तर खालच्या बाजूनं आरपार तडा, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि तड्यावर लुकण भरलेलं. काळं आणि पांढरं कालवून लावतात ते घट्ट होणारं लुकण. वाळून त्याच्याही भेगा झालेल्या, आणि त्या भेगांतून धुळीची वाट स्वच्छ दिसत होती. लुकणावर अंगठा दाबलेला होता. मधे आडवा व्रण असलेला अंगठा. बाभळीच्या काट्यानं चिरलेला तुमचा अंगठा मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

तडा कशानं गेला तेही मला ठाऊक आहे. तुम्हाला वाटलं असेल मी विसरले. फुकणीच्या त्या संध्याकाळच्या थोडे दिवस आधी शेलूबाजारकडच्या एका बड्या शेतकऱ्याची चिंच तुम्ही कापत होता. सुटी होती, मी भाकर घेऊन आले होते. उन्हानं जीव कासावीस, तुम्ही पाणी मागितलं. त्याच्या गड्यांना पेल्यानं पाणी दिलं आणि तुम्हाला म्हणाला, "ओंजय धर." वरून, हाताला हात लागणार नाही इतक्या वरून, त्यानं तांब्या ओतला. तुम्ही ओंजळ धरली. पण प्यायला नाहीत. सगळं पाणी बोटांतून गळू दिलंत, हात झटकलेत, चिंचेपाशी गेलात, मशीन उचललीत आणि विहिरीच्या काठच्या दगडावर आपटलीत. शेतकरी हसला, "आपलीच मशीन फोडते येडं!" तुम्ही ती परत उचललीत, चालू केलीत आणि दिवस मावळेपर्यंत त्याची चिंच कापलीत. घरी येताना मी तुमच्या मागून चालत होते, आणि मला त्या माणसाचा खून करावासा वाटत होता. तुमचा तो राग खरा होता, बाबा. त्यासाठी मी आजही तुमच्या बाजूनं भांडेन. पण मशीन फुटली त्या दगडावर. धूळ गेली त्या तड्यातून. पिस्टन घासला त्या धुळीनं. आणि फुकणी बसली आईच्या मनगटावर. वड्याचं तेल वांग्यावर काढलंत तुम्ही.

इथवरही मी कदाचित समजून घेतलं असतं. म्हटलं असतं, माणूस रागात आंधळा होतो, तड्याचं त्यांना माहीत नसेल. पण लुकण कोणी भरलं? आईच्या हाताला कामट्यांची पट्टी होती तेव्हा तुम्ही नवा पिस्टन घरीच बसवत होता. याच अंगणात. मी चहा घेऊन आले तर तुम्ही तळव्यावर काळंपांढरं काहीतरी मळत होता, आणि मला पाहताच ते काम तळव्याखाली झाकून खेकसलात, "जाय तिकडं!" मी चहा ठेवून पळाले. म्हणजे तुम्ही प्लेट काढली होती. तडा पाहिला होता. कोणामुळं झालं हे तुम्हाला कळलं होतं, आणि घरात, चार पावलांवर, ती बाई एका हातानं भाकर थापायचा प्रयत्न करत होती. तुम्ही अंगठा दाबलात, वर प्लेट चिकटवलीत आणि गप्प राहिलात. रोज तिला लुगडं फाडून बांधताना पाहिलंत आणि गप्प राहिलात. मेलात तोवर गप्प राहिलात. शेलूबाजारच्या स्टँडवर जीपची वाट पाहत बसल्या बसल्या तुमची छाती बंद पडली, मशीन मांडीवर होती म्हणे. मी तेव्हा किती रडले होते. परवा त्या रडण्याचाही राग आला.

माझ्या हातून पेचकस पडला. आई म्हणाली, "काय झालं व? मोडली काय?" मला वाटलं सांगू नये. म्हातारपणी तिचं जे काही शांत आहे ते कशाला ढवळा. पण तिनं तुरीचं सूप बाजूला ठेवलं आणि नेहमीसारखी फडक्याकडं हात करत म्हणाली, "आन इकडं, नव्या फिल्टराले नवं फडकं बांधतो. पुन्हा माह्यानं..." मी म्हटलं, "तुह्यानं काहीच झालं नोयतं, आई." आणि प्लेट तिच्या हातात दिली.

तिनं ती उलटीसुलटी पाहिली. तिला मशीनीतलं काही कळत नाही, पण लुकण कळतं, घागरीला लावतात तसं. "हे कोनं लावलं?" "बाबानं." "कवा?" मी म्हटलं, "तुह्या हाताले पट्टी व्हती तवा. तडा बाबाच्या हातानं गेल्ता. आपटली व्हती दगडावर, म्या पाह्यलं. फिल्टरची चीर काहीच नोयती, धूळ इथून गेली." आईनं वाकड्या हाताचा अंगठा लुकणावरच्या ठशावर ठेवला आणि फिरवला. मग म्हणाली, "म्हंजे त्याले मालूम व्हतं." आयुष्यभर तिनं तुमच्याविषयी बोलताना "ते" म्हटलं आहे. परवा म्हणाली, "त्याले."

उठून ती आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती वरवंटा घेऊन आली. प्लेट पाट्यावर ठेवली आणि डाव्या हातानं वरवंटा उचलून आपटला. पहिल्या फटक्यात प्लेट उडून बाजूला पडली. तिनं उचलून परत ठेवली. मग ती थांबेचना. लुकणाचे तुकडे उडतात, पाट्याचे टवके उडतात, पदर खाली पडलेला, केस सुटलेले, आणि तोंडानं चालू, "एवढंसं सांगाले... जीभ झडली व्हती काय त्याची... एवढंसं!" वाकडा हातही तिनं वरवंट्याला लावला आणि दोन्ही हातांनी कुटायला लागली. मी म्हटलं, "आई, लागन." ती माझ्यावर ओरडली, "लागू दे!" मी मागं सरले. मी, खाट कापणारी बाई, माझ्या आईला भ्याले. शेजारीण कुडावरून डोकावली, "काय कुटून राह्यल्या व बुढीमाय?" आई म्हणाली, "नवरा!" शेजारीण हसली, मग आईचं तोंड पाहून तिचं हसू गेलं आणि ती खाली बसली.

प्लेटीचा चुरा झाल्यावर आई पाट्याशेजारीच बसली. म्हणाली, "माराचं काही नाई व. मार तं लय बायाईनं खाल्ला. पन मी मशीनीच्या पाया पडत राह्यली. मशीनीच्या! अन थो पाहत राह्यला." मग रडली. लहान पोरासारखं नाही, शिव्या देत रडली, आणि काही शिव्या मला नव्या होत्या. मी जवळ बसले. तिच्या मनगटाला हात लावायची मला लहानपणापासून भीती वाटायची, परवा धरलं. मग ती नाक पुसून म्हणाली, "च्या ठेव. अन थे मशीन जोड, कामाचा खोयंबा नको."

काल सकाळी मी नवा फिल्टर बसवला. नवी प्लेट, तिच्याखाली नवं पॅकिंग, वर मोठा घड्यांचा फिल्टर, रबराचा काठ चारी बाजूंनी नीट बसलेला. नवं झाकण उंच आहे, म्हातारीला फेटा बांधल्यासारखं दिसतं. हवा जास्त जाते तर पेट्रोलही थोडं जास्त सोडावं लागतं, नाहीतर पिस्टन जळतो, म्हणून कार्बोरेटरचा स्क्रू जरा जरा सोडत कान लावून बसले. आईनं फडकं आणलं नाही. मला वाटलं सवयीनं आणेल, पण ती हात बांधून मागं उभी राहिली. अंगणात मी एक ओंडका टाकून ठेवला होता, बाभळीचा, सगळ्यात कठीण.

हे कागद मी ठेवणार नाही. आईला वाचता येत नाही म्हणून लिहायची हिंमत झाली, पण गावात वाचणारे लय आहेत, आणि तिच्या तुमच्यातलं भांडण आता तिचं आहे, तिनं सांगितलं तर सांगेल. मला तुमच्याकडून माफीही नको. माझी माफी मागून काय करणार, आणि जिची मागायची तिनं वरवंट्यानं उत्तर दिलं आहे. एवढं मात्र ऐका. दोरी ओढली आणि मशीन पहिल्या हिसक्यात चालू झाली. धूर नाही, घरघर नाही. रेस दाबली तर असा मोकळा, भरलेला आवाज निघाला की कुडावरच्या चिमण्या उडाल्या. इतक्या वर्षांत तिचा हा आवाज आपण कोणी ऐकलाच नव्हता. बाभळीत चेन लोण्यात शिरावी तशी शिरली. आणि कापता कापता मी झटकन मागं वळून पाहिलं. मागं आई उभी होती. तिला वाटलं मी तिच्याकडंच वळले. आवाजात बोलता येईना म्हणून तिनं वाकडा हात वर करून हलवला, ऐकलं, ऐकलं. मीही मान हलवली. मी तुम्हाला शोधत होते, हे तिला सांगितलं नाही.